मायी किती आकडे बसते

"सगळ्यांनी हात वर करा," मी फोनमध्ये ओरडले. "एकानंही मायीला हात लावायचा नाही."

पलीकडं सगुणानं हात वर केले. शेजारी तिचा नवरा बिरा होता, त्यानं काठी बगलेत धरून हात वर केले. दोघांच्या मध्ये, घोंगड्याच्या घडीवर, त्यांची साडेसहा वर्षांची मायाक्का बसली होती. घरचे तिला मायी म्हणत. तिला कुणी धरलेलं दिसत नव्हतं. मी मोजायला लागले. एक, दोन, तीन, चार... तेवढ्यात फोन धरून उभ्या असलेल्या सगुणाच्या सासूनं, ठकूबाईनं, सुनेचं बघून आपलेही दोन्ही हात वर केले. मला आधी आभाळ दिसलं, मग एका मेंढराची हनुवटी, आणि मग नुसती माती.

"आवं आत्याबाई, तुमी कशापायी हात वर केलं?"

"आगं, म्याडम म्हनली न्हवं, सगळ्यांनी म्हनून!"

फोन उचलून, पदराला पुसून, परत धरेपर्यंत मायी हसून हसून आडवी झाली होती आणि माझी परीक्षा पाण्यात गेली होती.

मी फिजिओथेरपिस्ट. मिरजेला आमचं केंद्र आहे, सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलांचं. जन्माच्या आगेमागे मेंदूला इजा झालेली असते. हातपाय ताठ होतात, तोल राहत नाही. पोरगं आतून हुशार असलं तरी अंग ऐकत नाही. लॉकडाऊनमध्ये मुलं यायची बंद झाली तेव्हा आम्ही फोनवरून व्यायाम शिकवायला लागलो आणि नंतरही लांबच्या मुलांसाठी ते चालू ठेवलं. माझ्याकडं अशी वीस मुलं होती. एकोणीस आपापल्या घरात असायची. विसावी मायी, ती दर दोन दिवसांनी दुसऱ्याच रानात असायची, कारण तिचे आईबाप माणदेशातले मेंढपाळ. दसरा झाला की बिऱ्हाड घोड्यांवर लादून कृष्णाकाठाला उतरायचं, शेतकऱ्याच्या रानात खतासाठी मेंढरं बसवायची, एक रान झालं की पुढचं. जेठापर्यंत हेच. दर बुधवारी अकराला सगुणा रेंज सापडेल त्या बांधावर चढायची आणि मला फोन लावायची.

पहिल्याच फोनला मी तिला नियम ऐकवले होते. मी तेव्हा एकतीस वर्षांची होते आणि नियम सांगायला मला फार आवडायचं, अजूनही आवडतं म्हणा. रोज दोनदा व्यायाम. मांड्या फाकवून तीस आकडे धरायच्या. पायाला पट्ट्या बांधायच्या. आणि पोरीला उंचावर बसवायचं नाही, बाजेवर नाही, कठड्यावर नाही, घोड्यावर तर नाहीच नाही.

"पडली तर डोक्याला मार लागेल," मी म्हणाले. "मला कळलं तर यादीतून नाव काढून टाकीन."

"मग रान बदलताना कशी न्यायाची?"

"आपण उचलून घ्यायची. आई आहात ना?"

"व्हय," ती म्हणाली.

मायीचे पाय तेव्हा कात्रीसारखे एकमेकांवर चढलेले असायचे. खाली बसवली की पाच आकडे बसायची. तिसऱ्याला पाठ वाकायची, पाचव्याला पोरगी एका बाजूला कलंडायची. आमच्याकडं महिन्यातून एकदा डॉक्टर हेरवाडे यायचे, हाडांचे सर्जन. त्यांनी सप्टेंबरात तिला तपासून सांगितलं होतं की फेब्रुवारीत मांड्यांच्या आतले स्नायू सैल करायचं ऑपरेशन करू. ऑपरेशन लहानच. पण पुढं चार महिने पोरीनं केंद्राच्या वसतिगृहात राहायचं, रोज व्यायाम करायचे. तिथं आईबापांना राहायची सोय नव्हती.

"ती माझ्याबिगर घास गिळत न्हाई, डाक्टरसाहेब," सगुणा म्हणाली होती. "भाकरी दुधात किती येळ भिजवायची, घास जिभंच्या कुठल्या अंगाला ठेवायचा, ते मलाच ठावं हाय. दुसऱ्यानं भरवलं तर ठसका लागून काळीनिळी हुती."

हेरवाडे सर वाईट माणूस नव्हते. ते म्हणाले, "जानेवारीअखेर शिंत्रे मॅडम मला रिपोर्ट देतील. बसण्यात आणि पायांत खरोखर फरक पडला असेल तर थांबू. नाहीतर फेब्रुवारी." मग माझ्याकडं वळून हळूच म्हणाले, "फरक पडत नाही म्हणा इतक्यात." मीही मान हलवली.

आणि फरक पडायला लागला! दिवाळीत सहा आकडे होते. नोव्हेंबर संपता संपता पंधरा. नाताळात चाळीस. जानेवारीच्या पहिल्या बुधवारी मी नव्वदपर्यंत मोजलं आणि रेंज गेली. शिवाय निजलेली असताना पायांची कात्री सुटलेली दिसायची. बाकी एकोणीस मुलं मुंगीच्या पावलानं चाललेली आणि ही एकटी सुसाट. माझ्या डोक्यात पहिला विचार आला तो फसवणुकीचा. आईला पोर सोडून राहायचं नाही, मग ती काय वाटेल ते करील. चौकटीबाहेरून कुणीतरी झग्याला धरत असणार, नाहीतर पाठीला काहीतरी टेकू असणार. म्हणून ती हात वर करायची परीक्षा.

पण एक गोष्ट बसत नव्हती. फसवणारा माणूस सगळीकडंच फसवतो. सगुणाला विचारलं, "व्यायाम रोज दोनदा होतात ना?" तर ती म्हणायची, "खरं सांगू का म्याडम? न्हाई हुत. कवा एकदा, कवा त्येबी न्हाई. बिऱ्हाड हलवायचं, पानी आनायचं, कोकरं बगायची. तुमच्या पट्ट्या तर कोकरानं चावल्या." आता असं बोलणारी बाई आकडे कशाला खोटे दाखवील? आणि व्यायाम होत नसतील तर पोरगी बसते कशाच्या जोरावर?

चौकसपणा हा माझा जुना रोग आहे. लहानपणी घड्याळं उघडून आईच्या शिव्या खाल्ल्यात मी. मी सगुणाच्या मागं लागले. तेल कुठलं लावता? करडईचं. मालिश कोण करतं? ठकूबाई, पण मनात आलं तर. देवाचं काही? अंगारा लावतो, पन तो तर जल्मल्यापास्नं लावतो म्याडम. खायला काय? भाकरी, मेंढीचं दूध. मी मेंढीच्या दुधावर आठवडाभर वाचत बसले. इचलकरंजीच्या एका आईला विचारलंसुद्धा, तुमच्याकडं मेंढीचं दूध मिळेल का हो म्हणून. तिनं फोन नवऱ्याकडं दिला.

मग मी सगुणाला म्हणाले, मायीचा अख्खा दिवस तुकड्यातुकड्यानं व्हिडिओ करून पाठव. तिनं पाठवला. मायी उठते, मायी दूध पिते, मायी कोकराच्या कानाशी काहीतरी पुटपुटते, बिरा चातीवर लोकर कातत बसलाय आणि मायी त्याच्या मांडीला रेलून झोपलीय. दर वेळी बिऱ्हाड मुक्कामावर असायचं. चालतं बिऱ्हाड एकदाही नव्हतं. व्हिडिओत काय आहे ते मी डोळे फाडफाडून बघितलं. काय नाही, ते बघायचं मला सुचलंच नाही.

रिपोर्ट शनिवारी द्यायचा होता. नव्वद आकडे लिहिले आणि ते खोटे निघाले, तर ऑपरेशन लांबून पोरीच्या कमरेच्या खुब्यांचं नुकसान होणार. पाचच लिहिले आणि नव्वद खरे असले, तर चार महिने विनाकारण आईवेगळी होणार. मला झोप लागेना. गुरुवारी सकाळी स्कूटर काढली आणि कुणाला न सांगता निघाले. बिऱ्हाड कुठं आहे ते बिराकडून आदल्या दिवशी सहज विचारल्यासारखं काढून घेतलं होतं. वाळव्याच्या पुढं एका माळावरून उठून ते त्या दिवशी कालव्याच्या वाटेनं पुढच्या गावाला निघणार होते.

दहाच्या सुमाराला मला ते समोरून येताना दिसले. पुरुष मेंढरं घेऊन आधीच गेले होते. बिऱ्हाड न्यायचं काम बायकांचं. पुढं ठकूबाई एका घोडीला धरून चालली होती, मागं सगुणा दुसऱ्या घोडीला. सगुणाच्या घोडीवर दोन्ही बाजूंना भांडी, पालाचं कापड, कोंबड्यांची डाल, मध्ये वाकळा आणि वाकळांवर मायी. दोन बाजूंना दोन पाय सोडून, ऐटीत! सप्टेंबरात ज्या मांड्यांमध्ये माझी मूठ जात नव्हती, त्या घोडीच्या पाठीएवढ्या फाकल्या होत्या. कमरेला जुनं लुगडं बांधून खोगिराला अडकवलेलं होतं. घोडी पाऊल टाकी तशी पोरीची कंबर इकडून तिकडं, तिकडून इकडं हले, आणि पाठ मात्र सरळ. एका हातात चघळायला उसाचा करवा, म्हणजे कांडं, होता. ती कोंबड्यांशी काहीतरी पुटपुटत होती.

शहाण्या बाईनं तिथं थांबून बघितलं असतं. मी स्कूटर आडवी टाकली आणि किंचाळले, "सगुणाताई! खाली घ्या तिला! आधी खाली घ्या!"

घोडी बुजली. कान पाडून एकदम बाजूला उसळली. डाल निसटून खाली आली, कोंबड्या फडफडत उसात घुसल्या आणि मायी डावीकडं कलली. आणि मी बघितलं, की तिचा डावा हात, जो जन्मापासून मुठीत मिटलेला असायचा, तो उघडला आणि त्यानं घोडीची आयाळ पकडली. मग पाठ सावकाश परत मध्यावर आली. कुणी सांगितलं नव्हतं, कुणी धरलं नव्हतं. तोल गेल्यावर हात आपसूक पुढं येणं ही गोष्ट आम्ही मुलांत वर्षानुवर्षं शोधत असतो. ती नुसती सांगून येत नाही.

मी कालव्याच्या भरावावर बसले.

"कोन गं ती भवानी?" ठकूबाई कडाडली. "घोडी बुजवली माजी! कोंबड्या गेल्या की सगळ्या!"

"आत्याबाई, म्याडम हायत त्या."

"फोनातली? मग वराडती कशापायी? हितं काय रेंज न्हाई व्हय?"

सगुणानं घोडी थोपटली, लुगड्याची गाठ सोडली, मायीला खाली घेतलं. पोरीला छातीशी धरून ती माझ्यापुढं उभी राहिली.

"नाव काढनार का म्याडम?"

"कधीपासून बसवताय?"

"दिवाळीपास्नं. नाव काढू नगा. पाया पडते तुमच्या. मी लपीवलं, माजं चुकलं. पोरीचं नाव काढू नगा."

दिवाळीपासून. पाच, सहा, पंधरा, चाळीस, नव्वद. माझ्या डोक्यात आकड्यांची ओळ लागली आणि मला कॉलेजचं पुस्तक आठवलं. त्यात एक परिच्छेद होता. ताठरलेल्या मुलांना घोड्यावर बसवून सावकाश चालवायचं, घोड्याच्या चालीनं कमरेला हेलकावे बसतात, मांड्या मोकळ्या होतात, धड तोल सावरायला शिकतं. परदेशात त्याची खास केंद्रं असतात. शेजारी एका गोऱ्या मुलाचा टोपी घातलेला फोटो होता. परीक्षेत दोन मार्कांना येईल म्हणून मी तो पाठ केला होता आणि आला नाही म्हणून हळहळले होते. आणि पहिल्याच फोनला त्याच घोड्यावर बसवायला मी बंदी घातली होती!

"नाव नाही काढत," मी म्हणाले. "घोंगडं अंथरा."

तिथंच भरावावर, कोन मोजायची पट्टी काढून मी मायीचे सांधे मोजले. तीनदा मोजले. फरक खरा होता. मग हेरवाडे सरांना व्हिडिओ कॉल लावला आणि भडाभडा सगळं सांगितलं. ते नेहमीसारखे शांत.

"शिंत्रे, सांगू नकोस, दाखव. घोड्यावर बसव आणि चालव. मी बघतो."

मी सगुणाकडं बघितलं. "बसवायची हिला परत."

"तुमी म्हनताय?"

"मी म्हणतेय. मीच बसवते."

मी फोन ठकूबाईच्या हातात दिला आणि मायीला उचलायला वाकले. चार महिने मी या पोरीला फोनवरून सांगत होते, मान अशी, कंबर तशी. सप्टेंबरात तपासताना ती टेबलावर होती, आईनं ठेवलेली. उचलली आज पहिल्यांदा. सतरा किलो. हे वजन माझ्या कागदावर माझ्याच अक्षरात लिहिलेलं होतं. पण कागदावरचे सतरा किलो आपल्या गळ्यात हात टाकत नाहीत, आणि घाबरले की ताठ होऊन मागं झुकत नाहीत. मी तिला छातीपर्यंत आणली. पुढं नेता येईना. कमरेत कळ आली.

"ऱ्हावा, दोघी मिळून घिऊ," सगुणा म्हणाली. दोघींनी मिळून तिला वर ठेवली.

मी धापा टाकत विचारलं, "दसरा ते दिवाळी कशी नेलीत हिला?"

"तुमी सांगितलं तशी. पाठीवर."

"रोज?"

"दिवसाआड. कवा दहा किलुमीटर, कवा पंधरा. एका हातानं तिला धरायाची, एका हातात घोडीची दोरी." ती लुगड्याची गाठ मारत बोलत होती, माझ्याकडं बघतही नव्हती. "मग एक दिवस वढ्याला पानी प्यायला बसले ती उठताच यीना. कंबरंत काय तरी लचकलं. तवा आत्याबाईनं पोरगी घोडीवर टाकली. म्हनली, म्याडम काय हितं चालत न्हाई."

ती चिडली असती, दोन शब्द बोलली असती, तर मला बरं वाटलं असतं. पण तिच्या बोलण्यात तक्रार नव्हतीच. मला भयंकर लाज वाटली. पोरीच्या एकेका सांध्याची मी चौकशी केली होती, दुधाची केली होती, तेलाची केली होती. ती उचलणारी बाई कशी चालते, हे एकदाही विचारलं नव्हतं.

घोडी निघाली. स्कूटर भरावावर तशीच सोडून, ठकूबाईकडून फोन घेऊन मी बाजूनं चालत दाखवत राहिले. सरांनी पाच-सात मिनिटं बघितलं. मग म्हणाले, "फेब्रुवारीत नको. पावसाळ्यात हे लोक गावी परततात ना? तेव्हा बघू." आणि थोडं थांबून म्हणाले, "घोडी गरीब आहे का विचार. आणि कुणीतरी सतत जवळ चालायला सांग."

कुणाला वाटेल, मायी घोड्यावर बसून बरी झाली. तसं नाही झालं. हा आजार जात नाही. दहाव्या वर्षी तिचं ऑपरेशन करावं लागलंच, एका पायाचं. पण तोवर मी केंद्राशी भांडून भांडून वसतिगृहात आयांसाठी खोली काढून घेतली होती. सगुणा तिथं चार महिने पोरीजवळ राहिली आणि तिथल्या स्वयंपाकिणीशी तिचं एकही दिवस पटलं नाही. घोड्याचा उपाय मी बाकीच्या मुलांना सांगू शकले नाही, इचलकरंजीत घोडं कुठून आणणार? मात्र तेव्हापासून पहिल्या फोनला मी नियम सांगत नाही. आधी विचारते, दिवसभरात तुम्ही कुठं कुठं जाता आणि पोर कशी नेता. लोक काय काय सांगतात! ऐकत राहावंसं वाटतं.

त्या दिवशी मात्र मी होते तशीच होते. सरांचा फोन ठेवल्यावर सगुणाला सांगितलं की ऑपरेशन पुढं ढकललं. ती चालता चालता थांबली. घोडीच्या मानेवर कपाळ टेकवून रडायला लागली, आवाज न करता. घोडीपण थांबली. ठकूबाई उसातून एक कोंबडी काखेत मारून आली आणि सुनेच्या पाठीवर हात फिरवत उभी राहिली. आणि मला काय सुचावं? मला आनंद झाला की मी सूचना द्यायला लागते. "मायी, पाठ सरळ! शाब्बास! वर बघ, वर! सगुणाताई, घोडी दोन्ही बाजूंना वळवत चालवा, चढावर थोडं..."

"म्या... डम."

मी वर बघितलं. चार महिन्यांत मायी माझ्याशी फोनवर एक शब्द बोलली नव्हती. नुसती हसायची. मी समजत होते, कोकरांशी, कोंबड्यांशी ती नुसते आवाज काढते, शब्द तिला येत नाहीत. आता तिचा जबडा वाकडा होत होता, मान ताठली होती, शब्द बाहेर काढायला तिला केवढी तरी ताकद लागत होती. एका हातात आयाळ होती.

"म्याडम... वराडू... नगंस. घोडी... बुजती."

सगुणानं डोळे पुसले आणि रडता रडता हसायला लागली. मी तोंडावर बोट ठेवलं. मग पुढच्या गावापर्यंत तीन किलोमीटर मी घोडीच्या बाजूनं चालत गेले, एक अक्षर न बोलता, आणि पोरगी कशी बसते ते नुसतं बघत राहिले.